शिळं कुलूप

शून्य बाइटची फाइल.
नाव बरोबर, जागा बरोबर, आत काही नाही.
यूर्टरोनने ती सामाईक कॅशमध्ये ठेवली
आणि लिंगोनने विश्वासाने उचलली.
आमच्या बिल्ड मशीनांना रानातल्या फळांची नावं आहेत,
चौदा मशीनं, डिस्क एकच,
आणि डिसेंबरात ऊमेओला दुपारी दोनलाच अंधार.

तूरे म्हणाला, कॅश बंदच करून टाक,
पाऊण तास लागेल, पण झोप तरी येईल.
झाडं तोडणाऱ्या यंत्राचा मेंदू आम्ही कंपाइल करतो.
त्याच्या हातात करवत असते.
शून्य बाइटचं काही नाही, लिंकर लगेच ओरडतो.
मला धास्ती त्या फाइलीची
जी धडधाकट असते, फक्त कालची असते.

डिस्क जाळ्यापलीकडे.
प्रत्येक मशीन तिची आठवण जवळ बाळगतं
आणि काही क्षण त्या आठवणीलाच डिस्क समजतं.
एकाने पुसलेलं दुसऱ्याला अजून दिसत असतं.
हॅलोनचं घड्याळ चार सेकंद पुढे.

कुलूप होतं की. इवलीशी फाइल:
मी आत आहे, थांबा.
आणि कुणीतरी जुन्या काळी लिहून गेलेला नियम,
दोन सेकंदांहून जुनं कुलूप मेलेलं समजा, तोडा.
कुणाच्या घड्याळातले दोन सेकंद?
हॅलोनला प्रत्येक कुलूप जन्मतःच म्हातारं दिसायचं.
यूर्टरोन आत लिहीत असतानाच त्याने दार फोडलं.

आमच्या इमारतीत कपडे धुवायची खोली तळघरात आहे.
भिंतीवर लाकडी फळा, फळ्यावर वारांची भोकं,
घरटी एक कुलूप, त्यावर घराचा नंबर.
ज्या भोकात लावाल ती वेळ तुमची.
अकरा नंबरच्या आल्गोटचं कुलूप
गुरुवार संध्याकाळी सातवर तीन आठवडे बसून होतं.
ड्रम कोरडा ठणठणीत,
आणि आम्ही सगळे शिस्तीत गुरुवार टाळून धूत होतो.

शेवटी गुनवोर उतरली, वय एक्क्याऐंशी, हातात विणकाम.
खोलीतलं घड्याळ ऑक्टोबरपासून तासभर पुढे;
तिने वर पाहिलंसुद्धा नाही.
कुलपाच्या तोंडात लोकरीचा एक धागा खोचला.
किल्ली फिरली तर पडेल, म्हणाली,
आणि बाकावर बसून मोज्याची टाच विणायला घेतली.
टाच पूर्ण झाली. धागा तिथेच.
मग रखवालदाराच्या किल्लीने तिने कुलूप काढलं,
बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, झाकणावर लिहिलं: अकरा.

मी ओल्या चादरी कवटाळून बघत होते.

त्या रात्री नियम खोडला.
कुलपात आता मशीनचं नाव, प्रक्रियेचा क्रमांक
आणि एक आकडा, जो मालकाने वरचेवर बदलत राहायचा,
श्वासासारखा.
थांबणाऱ्याने तारीख वाचायची नाही.
आपण बघत बसलो तेवढ्यात आकडा हलला का, एवढंच.
फाइल आधी बाजूला लिहायची, स्वतःचं नाव जोडून;
पुरती झाली, मिटली, की एका झटक्यात खरं नाव द्यायचं.
कच्चं ताटात वाढायचं नाही.
शंका आली तर सापडलं नाही म्हणायचं आणि पुन्हा रांधायचं.
कॅश विसरभोळी चालेल. थापाडी नको.

आणि दोघांनी एकदमच कुलूप तोडलं तर? तूरेने विचारलं.
मी बराच वेळ खिडकीतल्या बर्चकडे बघत होते.
तर दोघं तेच काम करतील, म्हटलं, दोनदा.
त्याला ते पटलं नाही. मलाही पुरतं नाही.
तरी आठवडा झाला, लिंगोन गप्प आहे.

फेब्रुवारीत आल्गोट परतला, खुब्याचं ऑपरेशन करून,
एका हातात काठी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी.
फळ्यासमोर थांबला.
माझा गुरुवार?
गेला, गुनवोरने डबा पुढे केला, मंगळवार रिकामा आहे.
त्याने कुलूप फुंकरलं, भोकात बसवलं,
किल्ली फिरवली.